जुना संगणक भंगारात देण्याआधी: जव्हार-मोखाड्यात लिनक्स आणि विंडोज सर्व्हरची जोडी कशी चालेल?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी एका वर्षाची वाढीव सुरक्षा योजना जाहीर झाली, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आपल्या घरांत, दुकानांत, शाळांत आणि संगणक क्लासमध्ये असलेली कितीतरी मशीन्स त्याच्या आधीची आहेत. मशीन चालू आहे, पडदा ठीक आहे, कीबोर्ड ठीक आहे, पण कंपनी म्हणते आता हे जुनं झालं.

मग लोक दोनपैकी एक करतात. कुणी कर्ज काढून नवीन मशीन घेतं, तर कुणी सुरक्षा अपडेट नसलेल्या विंडोजवरच टॅली आणि बँकेचं काम चालू ठेवतं. पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात हिशेब धोक्यात येतो. तिसरा रस्ताही आहे, आणि तो मोठ्या कंपन्या व बँका बरीच वर्षं वापरत आल्या आहेत. जुन्या मशीनवर लिनक्स टाकायचं आणि विंडोजचं जे काम असेल ते एका चांगल्या विंडोज मशीनवर करायचं. जुनं मशीन फक्त त्या विंडोजची खिडकी म्हणून वापरायचं. यालाच थिन क्लायंट म्हणतात.

मुंबई-पुण्यात हे जसं करतात तसंच्या तसं जव्हार-मोखाड्यात केलं तर मात्र पैसे वाया जाऊ शकतात. इथला पाऊस, इथली वीज आणि इथलं नेटवर्क लक्षात घेऊनच मांडणी करावी लागेल. म्हणून नीट समजून घेऊ.

हे नेमकं चालतं कसं?

घरोघरी जातं ठेवण्याऐवजी गावात एक गिरणी असते, तसंच हे आहे. दळणाचं काम गिरणीत होतं, आपण धान्य नेतो आणि पीठ आणतो. इथे टॅली, एक्सेल किंवा इनपेज प्रत्यक्ष चालतं ते सर्व्हरवर. तुमच्या टेबलावरच्या मशीनकडून सर्व्हरला फक्त कीबोर्डची बटणं आणि माऊसची हालचाल जाते. सर्व्हरकडून परत येतं ते पडद्याचं चित्र, आणि त्यातही चित्राचा जो भाग बदलला तेवढाच.

या देवाणघेवाणीची विंडोजची जी पद्धत आहे तिचं नाव आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल. मायक्रोसॉफ्टने ती १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आणली. लिनक्सवाल्यांनी तिच्याशी बोलणारे स्वतःचे मोफत प्रोग्राम बनवले. आधी आरडेस्कटॉप आला, मग २००९ मध्ये त्यातूनच फ्रीआरडीपी निघाला. आज सामान्य माणसाला सर्वांत सोपा पडतो तो रेमिना. त्यात सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड एकदा भरून ठेवला की पुढे दोनदा क्लिक केलं की विंडोज समोर उघडतं.

टेबलावरच्या मशीनला जड काम काहीच नसल्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचं मशीनही पुरतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर आरामात चालते. एक गोष्ट तपासा: मशीन ६४ बिटचं आहे का? मिंटने ३२ बिट केव्हाच सोडलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिट मशीनवर नव्याने टाकायची सोय काढून टाकली. फारच जुनं ३२ बिट मशीन असेल तर अँटीएक्ससारखे मोजके पर्याय उरतात.

आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर सगळंच काही सर्व्हरवरून चालवायचं नसतं. ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, पीडीएफ, साधी पत्रं, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ हे सगळं त्या जुन्या मशीनवरच चालू द्यावं. व्हिडिओ तर सर्व्हरवरून पाहूच नये, चित्र अडखळतं आणि बाकीच्यांचंही काम मंदावतं. सर्व्हरवर फक्त तेच ठेवायचं जे विंडोजशिवाय होत नाही.

सर्व्हर कुठे ठेवायचा? खरा प्रश्न हाच आहे

विक्रेते सांगतात, क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घ्या, महिन्याला इतके रुपये, काही त्रास नाही. मुंबईतल्या ऑफिसला ते जमतं, कारण तिथे फायबरची लाइन सहसा बंद पडत नाही. आपला भाग डोंगराचा आहे. जव्हार पठारावर, मोखाडा त्यापलीकडे, मध्ये दऱ्या आणि घाट. जुलै-ऑगस्टच्या पावसात लाइट जाते, टॉवरची बॅटरी संपते आणि नेट गायब होतं. काही पाड्यांवर तर एरवीही फोन घेऊन अंगणाच्या एका कोपऱ्यात उभं राहावं लागतं.

थिन क्लायंटची कमजोरी हीच आहे. सर्व्हरपर्यंतची वाट तुटली की काम तिथेच थांबतं. साध्या संगणकावर नेट गेलं तरी टॅली चालू राहतं, पण क्लाउडवरचं टॅली नेट नसेल तर उघडतच नाही. शिवाय वेगापेक्षा उशीर जास्त नडतो. ऑफिसच्या कामाला आरडीपीला फार मोठं नेट लागत नाही, पण बटण दाबल्यावर अक्षर उमटायला सेकंदाचा पाचवा भाग जरी लागला तरी टाइप करणारा वैतागतो. मोबाइल नेटवर्क कमजोर असताना हा उशीर याहून खूप वाढतो.

म्हणून आपल्या भागासाठी नियम सोपा ठेवा: सर्व्हर त्याच इमारतीत, केबलच्या टोकाला. दुकान असेल तर दुकानात, शाळा असेल तर शाळेत. एक स्विच घ्यायचा आणि प्रत्येक मशीनपर्यंत नेटवर्क केबल ओढायची. जुना १०० एमबीपीएसचा स्विचही या कामाला पुरतो. वायफाय टाळा. अशी मांडणी केली की बाहेरचं नेट गेलं तरी आतलं काम चालू राहतं, कारण सर्व्हरपर्यंत जाणारी वाट तुमच्याच भिंतीवरून जाते.

केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेऊ नका. मे-जूनमधल्या विजांच्या कडकडाटात अशा केबलमधून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. न्यायचीच असेल तर फायबर वापरा, कारण त्यातून वीज वाहत नाही. अर्थिंगही नीट करून घ्या.

लाइट गेली तर काय होतं?

आपल्याकडे थिन क्लायंटचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. टेबलावरचं मशीन बंद पडलं तरी तुमचं काम बंद पडत नाही. सर्व्हरवर तुमचं सेशन जसंच्या तसं उघडं राहतं. अर्धवट टाइप केलेली व्हाउचर एंट्री, उघडी असलेली फाइल, सगळं तिथेच. लाइट आली, मशीन चालू केलं, रेमिनातून पुन्हा जोडलं की कर्सर जिथे होता तिथेच सापडतो.

पण त्यासाठी सर्व्हर आणि स्विच चालू राहायला हवेत. म्हणजे पाच मशीनला पाच यूपीएस घेण्याऐवजी एकच चांगला यूपीएस किंवा इन्व्हर्टर घ्या आणि तो सर्व्हर व स्विचला लावा. पैसे उरले तरच बाकीच्यांना. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सेटिंगही करून घ्या. सर्व्हर धाडकन बंद झाला तर एकाच वेळी सगळ्यांचं काम जातं.

दुरुस्तीचंही तसंच. इथे मशीन बिघडलं की ते नाशिकला किंवा मुंबईला न्यावं लागतं आणि आठ-आठ दिवस अडकून पडतं. थिन क्लायंटमध्ये स्वतःचा असा काही डेटाच नसतो. एक मशीन गेलं तर दुसरं जुनं उचलून तिथे ठेवा, नाव-पासवर्ड टाका, काम सुरू. लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं सेकंडहँड मशीनही चालतं.

लायसन्सचा मामला: इथेच लोक फसतात

लिनक्स मोफत आहे, रेमिना मोफत आहे. म्हणून सगळंच मोफत, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ज्या विंडोजवर तुम्ही काम करता त्याचे पैसे द्यावेच लागतात. दोन प्रकार वेगळे समजून घ्या.

पहिला प्रकार एकास एक. समजा, अब्बांचं बाजारपेठेत दुकान आहे, तिथे विंडोज ११ प्रोचं मशीन आहे आणि रात्री मुलगी घरून जुन्या लॅपटॉपवर हिशेब पाहते. प्रो आवृत्तीत बाहेरून जोडून घ्यायची सोय असते, पण एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. मुलगी घरून आत आली की दुकानातल्या मशीनचा पडदा लॉक होतो. घरच्या कामाला हे पुरतं. विंडोजच्या होम आवृत्तीत मात्र ही सोय नसते, म्हणून मशीन घेताना आवृत्ती कोणती ते पाहा.

दुसरा प्रकार अनेकांस एक. पाच-दहा जण एकाच वेळी एका मशीनवर काम करणार असतील तर विंडोज सर्व्हर लागतो. सर्व्हरचं लायसन्स वेगळं, प्रत्येक माणसामागे किंवा मशीनमागे सर्व्हर वापरायचं लायसन्स वेगळं, आणि रिमोट डेस्कटॉपचं लायसन्स आणखी वेगळं. या शेवटच्या दोन्हींना कॅल म्हणतात. रिमोट डेस्कटॉपची सेवा बसवल्यावर १२० दिवस ती कॅलशिवाय चालते. इथेच फसगत होते. कुणीतरी येऊन सगळं बसवून देतो, चार महिने मस्त चालतं आणि मग एके दिवशी कुणालाच आत जाता येत नाही. म्हणून कोटेशन लेखी घ्या आणि त्यात ही तिन्ही नावं वेगवेगळी लिहून घ्या.

विंडोज ११ प्रोवर फाइल बदलून अनेक जणांना एकाच वेळी घुसवायच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतात. त्या परवान्याच्या अटींविरुद्ध आहेत आणि दर अपडेटला मोडतात. दुसऱ्याचा माल पैसे न देता वापरायचा नाही हे आपण मुलांना शिकवतो. संगणकाच्या बाबतीतही तेच लागू आहे.

टॅलीची सिल्व्हर आवृत्ती एका वापरकर्त्यासाठी असते, लॅनवर अनेकांना वापरायची तर गोल्ड घ्यावी लागते. दुकानात विकत मिळणारं साधं एमएस ऑफिसही अशा सामायिक सर्व्हरवर चालवता येत नाही, त्यासाठी वेगळी योजना घ्यावी लागते. साध्या पत्रांना आणि तक्त्यांना लिनक्सवरचं लिब्रे ऑफिस पुरतं, ते मोफत आहे.

हा सगळा हिशेब मांडला तर एक गोष्ट दिसते. दोन-तीन मशीनसाठी विंडोज सर्व्हर महागच पडेल, एकास एक पद्धत बरी. आठ-दहा मशीन असतील आणि सगळ्यांना रोज विंडोज लागत असेल तरच सर्व्हरचं गणित बसू शकतं. ज्या शाळेला फक्त ब्राउझर, टायपिंग आणि ऑफिसचं शिकवायचं आहे तिला विंडोजची गरजच नाही. तिथे पूर्ण लिनक्स वापरा. १९९९ पासून चालू असलेला एलटीएसपी नावाचा प्रकल्प एका लिनक्स मशीनवरून अख्खी लॅब चालवतो. केरळच्या सरकारी शाळा बरीच वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. आपल्याकडे सी-डॅकनेही २००७ साली बॉस नावाचं भारतीय भाषांसाठीचं लिनक्स आणलं होतं.

मराठी टायपिंग, उर्दू इनपेज आणि अंगठा

मराठी टायपिंगमध्ये एक घोटाळा हमखास होतो. लिनक्समध्येही मराठी कीबोर्ड लावला आणि विंडोजमध्येही लावला तर भलतीच अक्षरं उमटतात. उपाय सोपा: लिनक्सच्या बाजूला इंग्रजी कीबोर्ड ठेवा आणि सर्व्हरवरच्या विंडोजमध्ये मराठी निवडा. सरकारी टायपिंग परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी वेगाचा सराव केबलने जोडलेल्या सर्व्हरवर करावा, मोबाइल नेटवरून नको.

उर्दूसाठी आपल्याकडे शादीच्या कार्डांपासून मदरशाच्या पत्रकांपर्यंत इनपेज वापरतात. १९९४ पासून चालत आलेला हा प्रोग्राम विंडोजचाच आहे, म्हणून तो सर्व्हरवर ठेवायचा. जुन्या आवृत्तीला डोंगल लागत असेल तर तो सर्व्हरलाच लावा. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्ये लिहायची सवय मुलांना लावावी. नोटो नस्तालिक उर्दू हा मोफत फॉन्ट लिनक्सवर सहज चालतो आणि तो मजकूर मोबाइलवरही वाचता येतो.

प्रिंटर शक्यतो सर्व्हरला किंवा स्विचला जोडा. रेमिनातून आपल्या टेबलावरचा प्रिंटर सर्व्हरला दाखवता येतो, पण ड्रायव्हरची कटकट होते.

आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रं ज्या मशीनला लावली आहेत त्याच मशीनवर त्यांची सेवा चालू असावी लागते. रिमोट डेस्कटॉपमधून ती चालतील असं धरू नका. डिजिटल सहीचा टोकनही पुष्कळदा त्रास देतो. म्हणून आपले सरकार केंद्र किंवा बँक मित्राचं काम करणाऱ्यांनी काउंटरवर एक पूर्ण, अपडेट असलेलं विंडोज मशीन ठेवावंच. बाकीची मशीन्स लिनक्सवर नेता येतील.

दार उघडं ठेवू नका

सर्व्हर एक म्हणजे सगळ्यांचा डेटा एका जागी. दुकानाचा हिशेब, क्लासमधल्या मुलांचे फॉर्म, जमातीच्या वर्गणीची नोंद, हे सगळं लोकांनी विश्वासाने दिलेलं असतं. ती अमानत आहे.

आरडीपी ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. घरून जोडता यावं म्हणून काही जण हा पोर्ट राउटरवर थेट इंटरनेटला उघडून देतात. हे अजिबात करू नका. अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्राम जगभर रात्रंदिवस फिरत असतात आणि आत शिरून सगळ्या फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यात तर पासवर्डशिवायही आत शिरता येत होतं. तिची गंभीरता अशी की सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली.

घरून जोडायचं असेल तर आधी व्हीपीएन, मग आरडीपी. मोबाइल नेटवर आपल्याला बहुतेक वेळा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडून फायदाही होत नाही. टेलस्केलसारखी सेवा वायरगार्ड तंत्रावर चालते. ती दोन्ही मशीनवर टाकली की बाहेर दार न उघडता ती एकमेकांना सापडतात.

बाकीच्या सवयी अशा:

- प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा. 'ॲडमिन' आणि '१२३४५' चालणार नाही.
- रोजच्या कामाला ॲडमिनचं खातं कुणीच वापरू नये.
- खिडकी बंद करणं म्हणजे काम संपवणं नव्हे. सेशन मागे चालूच राहतं आणि रॅम अडवतं. घरी जाताना साइन आउट करा.
- बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्डडिस्क ठेवा आणि आळीपाळीने वापरा. बॅकअप झाल्यावर डिस्क काढून ठेवा, एक दुसऱ्या घरी. जोडून ठेवलेल्या डिस्कलाही खंडणीवाले कुलूप लावतात.
- महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून पाहा.

सुरुवात कशी करायची?

एकदम सगळं बदलू नका. आधी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावर लिनक्स मिंट एक्सएफसीई टाका. जुनं मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. यात हार्डडिस्कला हात लागत नाही, जुनं विंडोज जसंच्या तसं राहतं. पडदा, आवाज, नेट, कीबोर्ड चालतो का ते पाहा.

मग विंडोज ११ प्रोच्या मशीनवर सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात रिमोट डेस्कटॉप चालू करा. त्या खात्याला पासवर्ड असलाच पाहिजे. दोन्ही मशीन एकाच राउटरला किंवा स्विचला जोडा. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर मॅनेजरमधून रेमिना घ्या, त्यात आरडीपी निवडा, विंडोज मशीनचा पत्ता आणि खातं भरा आणि जोडा.

आठवडाभर असंच काम करून पाहा. रोजची कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: लिनक्सवरच होतं, सर्व्हरवरून होतं, की कुठेच होत नाही. मुद्दाम एकदा नेटची केबल काढा, एकदा टेबलावरच्या मशीनची लाइट बंद करा आणि काय होतं ते बघा. पावसाळ्यात जे होणार आहे ते उन्हाळ्यातच पाहून घेतलेलं बरं.

तो कागद भरला की खर्चाचा निर्णय आपोआप सोपा होतो. बहुतेक कामं पहिल्या रकान्यात गेली तर विंडोज सर्व्हरवर एक रुपयाही घालवायची गरज नाही, मशीन तसंच लिनक्सवर चालवा. दुसऱ्या रकान्यात गर्दी असेल तर किती जणांना एकाच वेळी विंडोज लागतं ते मोजा आणि त्या आकड्यावरच कोटेशन मागा. तिसऱ्या रकान्यातली कामं काउंटरवरच्या त्या एका विंडोज मशीनकडे द्या. आणि कोणी क्लाउडचं पॅकेज घेऊन आलं तर त्याला एकच प्रश्न विचारा: पावसात इथलं नेट दोन दिवस गेलं तर माझं काम कसं चालेल?